८५ टक्के ब्लॉकेज आणि ‘एकदाच सगळं साफ करून टाका’

प्रश्न : वडील ६९ वर्षांचे, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. मधुमेह पंधरा वर्षांचा. गेले पाच-सहा महिने जिना चढला किंवा जेवणानंतर भरभर चाललं की त्यांच्या छातीत भरून येतं. थांबलं की तीन-चार मिनिटांत ओसरतं. टू-डी इकोमध्ये हृदयाचं पंपिंग ५५ टक्के. अँजिओग्राफीत एलएडी या हृदयाच्या पुढच्या बाजूच्या मुख्य धमनीत ८५ टक्के ब्लॉकेज आणि तिथे भरपूर कॅल्शियम. उजव्या धमनीत ५० टक्के, तिसरीत ४० टक्के. लेफ्ट मेन, म्हणजे डावीकडची मूळ धमनी, मोकळी. मूत्रपिंडाच्या तपासणीतलं क्रिएटिनिन १.४, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ११२. डॉक्टरांनी ‘रोटाब्लेशन (फिरत्या यंत्राने कॅल्शियम घासणं) करून स्टेंट’ सुचवला आहे, आणि लवकर करा म्हणाले. वडील म्हणतात, एवढं करतोच आहोत तर तिन्ही नसा एकदाच साफ करून टाका. मेहुण्यांनी एका केंद्राची जाहिरात पाठवली आहे : सलाइनमधून औषध देऊन तीस बैठकांत ब्लॉकेज विरघळवतात. काकांचं मत थेट बायपासचं. शेजारच्या काकूंच्या मानेच्या नसेतून तर डॉक्टरांनी प्लाक सोलून बाहेर काढला आणि डबीत घालून घरच्यांना दाखवला. मग हृदयात तसं का करत नाहीत? वडील सध्या मेटोप्रोलॉल २५, अ‍ॅस्पिरिन ७५ आणि अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन १० घेतात. शेवटची गोळी गुडघे दुखतात म्हणून अधूनमधून सोडतात. दारू-सिगारेट नाही, फक्त तंबाखू-चुना. आम्ही काय करावं?
— एक वाचक, सांगली जिल्हा

ताई, तुमच्या घरात चार मतं आहेत, पण चौघांच्याही डोळ्यांसमोर चित्र एकच आहे : तुंबलेला नळ. आत गाळ बसला आहे, तो खरवडा, विरघळवा किंवा बाजूने दुसरा नळ टाका, की झालं. पत्रातले निम्मे प्रश्न या चित्रातून आले आहेत, म्हणून आधी त्याच्याकडे बघू.

हा गाळ, म्हणजे प्लाक, धमनीच्या आतल्या पृष्ठभागावर बसत नाही. तो भिंतीच्या आत, अस्तराच्या खाली वाढतो. त्यात कोलेस्टेरॉल असतं, सूज आणणाऱ्या पेशी असतात, तंतू असतात, आणि वर्षं उलटली की हाडासारखं घट्ट कॅल्शियम. या सगळ्यावर पेशींच्या एकाच थराचं नाजूक अस्तर असतं आणि रक्त त्या अस्तरावरून वाहतं. अस्तर फाटून आतला माल उघडा पडला की रक्ताला ती जखम वाटते आणि तिथे गुठळी धरते. म्हणजे ‘खरवडून साफ करणं’ हीच धमनीला केलेली जखम. म्हणूनच कुठलीही अँजिओप्लास्टी केली की पाठोपाठ रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या येतात.

आंद्रेयास ग्रुन्त्सिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ला झ्युरिकमध्ये हृदयाच्या धमनीतली पहिली अँजिओप्लास्टी केली, तेव्हाही प्लाक बाहेर काढला नव्हता. फुगा फुगवून तो भिंतीत दाबला आणि वाट रुंद केली. नुसत्या फुग्याने उघडलेली धमनी बऱ्याच जणांत सहा महिन्यांच्या आत पुन्हा आवळायची, म्हणून १९८६पासून धातूचा स्टेंट आला. त्याच्या जाळीतूनही पेशी वाढून वाट अरुंद व्हायची, म्हणून २००२-०३च्या सुमारास औषध लावलेला स्टेंट आला. तंत्र बदललं, तत्त्व तेच राहिलं : प्लाक जिथल्या तिथे, वाट मोठी.

आता ८५ टक्क्यांकडे. हा आकडा ऐकून घरात सगळ्यांची झोप उडालेली असणार. अँजिओग्राफीत रंगद्रव्याची सावली दिसते, धमनीची भिंत दिसत नाही, आणि टक्का बहुतेक वेळा डोळ्यांच्या अंदाजाने लिहिलेला असतो. शिवाय धमनी ८५ टक्क्यांच्या आसपास अरुंद होईपर्यंत बसल्या जागी लागणारं रक्त साधारणपणे पुरतं. कमी पडतं ते श्रमाच्या वेळी. वडिलांना जिन्यावर त्रास होतो आणि खुर्चीत होत नाही, त्याचं कारण हेच. याला स्थिर अंजायना म्हणतात.

हार्ट अटॅक बहुतेकदा वेगळ्या वाटेने येतो. एखादा मऊ, पातळ आवरणाचा प्लाक फुटतो, त्यावर मिनिटांत गुठळी होते आणि धमनी बंद पडते. फुटणारा प्लाक अनेकदा त्याआधी ५० टक्क्यांच्याही आतबाहेरचा असतो. त्यामुळे सर्वांत अरुंद जागी स्टेंट घातला की अटॅकचा धोका संपला, हे गृहीतक टिकत नाही. तिन्ही नसा साफ करण्याची वडिलांची कल्पनाही इथेच अडते. ४० टक्क्यांच्या जागी स्टेंट घालणं म्हणजे शांत पडलेल्या जागी जखम करून तिथे धातू ठेवणं.

हे मोठ्या चाचण्यांत तपासून झालं आहे. २००७च्या करेज चाचणीत २,२८७ स्थिर रुग्ण होते. चांगल्या औषधांच्या जोडीला स्टेंट घातल्याने मृत्यू किंवा हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. इस्केमिया चाचणीत ५,१७९ रुग्ण होते, त्यांत भारतातलेही होते. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष मोठ्या प्रमाणात तोच. फक्त औषधांवर ठेवलेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला चार वर्षांत अँजिओप्लास्टी किंवा बायपास करावा लागला, बाकीच्यांना नाही.

मग स्टेंट निरुपयोगी का? अजिबात नाही. २०२३च्या ऑर्बिटा-२ चाचणीत निम्म्या रुग्णांना खरी अँजिओप्लास्टी आणि निम्म्यांना खोटी केली गेली, कोणाला कुठली हे रुग्णांना माहीत नव्हतं. बारा आठवड्यांनी स्टेंटवाल्यांत ४० टक्के लोक छातीच्या त्रासातून मोकळे होते, खोट्या प्रक्रियेनंतर १५ टक्के. हे अंजायनाच्या गोळ्या न घेता. स्टेंट छातीचा त्रास कमी करतो, आणि ज्याचं रोजचं चालणं थांबलंय त्याच्यासाठी ते थोडं नाही. पण स्टेंट घातलेल्यांतल्याही निम्म्याहून अधिक लोकांना थोडाफार त्रास राहिला होता, हेही वडिलांना आधी सांगून ठेवा.

वरचं सगळं स्थिर रुग्णाला लागू आहे. बसल्या जागी दुखू लागलं, पूर्वी दोन जिने चढून व्हायचं ते आता अंगणात चालून होतंय, पहाटे दुखून जाग येते, यातलं काही सुरू झालं तर थांबण्याचा विचार सोडा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. दुखणं दहा-पंधरा मिनिटांत गेलं नाही, घाम फुटला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली तर १०८. अ‍ॅस्पिरिन ३०० ते ३२५ मिलिग्रॅम चावून खायला द्या. जिभेखालची सॉर्बिट्रेट बसवूनच द्यायची, उभ्याने घेतली तर रक्तदाब उतरून माणूस पडतो. मधुमेह्यांना अटॅकमध्ये छातीत न दुखता नुसता दम, मळमळ किंवा गळून गेल्यासारखं होऊ शकतं, त्यामुळे ‘पित्त झालं असेल’ म्हणून सोडू नका. अटॅक चालू असताना केलेली अँजिओप्लास्टी जीव वाचवते. तिथे प्रश्न मिनिटांचा असतो.

लेफ्ट मेन मोकळी आहे आणि पंपिंग ५५ आहे, या तुमच्या पत्रातल्या दोन चांगल्या ओळी. लेफ्ट मेन ५० टक्क्यांहून अधिक अरुंद असलेल्यांना आणि पंपिंग ३५च्या खाली असलेल्यांना इस्केमिया चाचणीत घेतलंच नव्हतं. त्यांचा हिशेब वेगळा होतो.

सगळ्यांत काळजी वाटली ती गोळ्यांच्या ओळीची. एवढ्या आजारात अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन १०, तीही सोडून सोडून, आणि एलडीएल ११२. घरात रोटाब्लेशन की बायपास यावर वाद चालू आहे आणि ज्या गोळीने अटॅक टळतो ती डब्यात पडून आहे. अशा रुग्णाचं एलडीएल ५५च्या खाली असावं. आधीच्या आकड्याच्या तुलनेत अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन ४० ते ८० मिलिग्रॅमने एलडीएल साधारण निम्म्यावर येतं; स्टॅटिनचा डोस दुप्पट केला की भर जेमतेम सहा टक्क्यांची पडते, म्हणून न पुरल्यास एझेटिमाइब १० मिलिग्रॅम जोडतात, त्याने आणखी वीस-पंचवीस टक्के उतरतं. एलडीएल ३९ने उतरलं की अटॅक आणि पक्षाघातासारख्या घटना सुमारे पाचव्या हिश्शाने कमी होतात. गंमत अशी की या औषधांनीही प्लाक फारसा आटत नाही. २००६च्या अ‍ॅस्टेरॉइड अभ्यासात रोझुव्हास्टॅटिन ४० दोन वर्षं देऊन धमनीतला प्लाकचा वाटा सरासरी एक टक्क्याच्या आसपासच घटला होता. पण आतली चरबी आणि सूज कमी होते, आवरण जाड होतं आणि प्लाक फुटेनासा होतो.

गुडघ्यांचं दुखणं वयाच्या या टप्प्यावर बहुतेकदा सांध्याच्या झिजेचं असतं. स्टॅटिनचा त्रास स्नायूंत, दोन्ही मांड्यांत किंवा खांद्यांत सारखा होतो; शंका असेल तर सीपीके ही रक्ततपासणी होते. २०२०च्या सॅमसन अभ्यासात स्टॅटिनमुळे त्रास होतो म्हणणाऱ्या रुग्णांना आळीपाळीने खरी गोळी, बनावट गोळी आणि काहीच नाही असं देऊन पाहिलं. त्रासाचा नव्वद टक्के भाग बनावट गोळीवरही आला. गुडघ्यासाठी बाबा मेडिकलमधून डायक्लोफिनॅकसारखी गोळी परस्पर आणत असतील तर ती मात्र आधी बंद करा. मूत्रपिंड आणि हृदय दोन्हींना ती महाग पडते, आणि अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला पोटात रक्तस्राव करते. पॅरासिटामॉल चालेल.

अंजायनासाठीही वडिलांना औषधांचा खरा प्रयत्न मिळालेलाच नाही. मेटोप्रोलॉल २५ ही सुरुवात आहे. नाडी ५५ ते ६० होईपर्यंत तो वाढवणं, जोडीला अ‍ॅम्लोडिपिन, मग गरजेप्रमाणे लांब काम करणारं नायट्रेट (सॉर्बिट्रेटच्या जातीचं), रॅनोलाझिन किंवा निकोरँडिल, असं डॉक्टर करतात. सहा ते आठ आठवड्यांत अंदाज येतो. नायट्रेट चालू असताना सिल्डेनाफिल (व्हायग्रा) वर्गातली गोळी कदापि नको.

तेव्हा माझं मत असं. बाबांची लक्षणं वर सांगितल्याप्रमाणे बिघडत नसतील तर उद्याच कॅथलॅबमध्ये (अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत) जायची घाई नाही. डॉक्टरांना सरळ विचारा : ‘ही प्रक्रिया त्रास कमी करण्यासाठी आहे की जीवाच्या धोक्यासाठी? सहा आठवडे औषधं नीट वाढवून पाहिली तर काय बिघडेल?’ त्यांना अँजिओग्राफीत गुठळीची खूण, एलएडीच्या अगदी मुखाशी असलेला धोकादायक अडथळा असं काही दिसलं असेल तर ते सांगतील, आणि मग त्यांचं ऐका. औषधांनंतरही जिना चढवत नसेल, किंवा वाढीव गोळ्यांनी चक्कर-थकवा येत असेल, तर स्टेंट योग्य. आणि बाबांनाच मुळात गोळ्यांच्या मुठी नकोत, लवकर मोकळं चालायचंय, असं त्यांनी समजून-उमजून ठरवलं तर तेही चुकीचं नाही. फक्त अटॅकच्या भीतीपोटी ठरवू नका.

रोटाब्लेशन कशासाठी, हे पत्रात कोणीच विचारलेलं नाही. साध्या प्लाकमध्ये स्टेंट १२ ते १६ अ‍ॅटमॉस्फिअर दाबाने उघडतो. कॅल्शियमचं कडं असलं की तो अर्धवट उघडतो, आणि अर्धवट उघडलेला स्टेंट पुन्हा तुंबतो किंवा त्यात गुठळी धरते. एकदा असा अडकलेला स्टेंट नंतर सरळ करणं फार कठीण. जबरदस्तीने दाब वाढवला तर धमनी फाटू शकते. म्हणून स्टेंटच्या आधी कॅल्शियम मऊ करायचं. रोटाब्लेटरमध्ये हिऱ्याचे सूक्ष्म कण लावलेला लंबगोल बर, म्हणजे घासणारं टोक, असतो, बहुधा १.२५ किंवा १.५ मिलिमीटरचा, धमनीच्या व्यासाच्या निम्म्याच्या आसपास. तो केसासारख्या तारेवरून मिनिटाला साधारण १,४०,००० ते १,८०,००० फेऱ्यांनी फिरतो. डॉक्टर तो पुढे-मागे अलगद टेकवतात, एका वेळी १५-२० सेकंद, मग थांबतात. बर जोराने रेटला तर फेऱ्या एकदम उतरतात, आणि ५,०००हून अधिक उतरल्या की भिंत तापते, कणही मोठे निघतात. नीट केलं तर निघणारे कण लाल रक्तपेशीहून लहान असतात आणि केशवाहिन्यांतून निघून जातात. ‘साफ’ होतं ते एवढंच, कॅल्शियमचा आतला थर. बाकी प्लाक तिथेच राहतो आणि स्टेंट त्याला बाजूला धरून ठेवतो.

काय बिघडू शकतं, तेही विचारून घ्या. कणांमुळे रक्तप्रवाह तात्पुरता मंदावतो. नाडी एकदम उतरते, विशेषतः उजव्या धमनीत, तेव्हा तात्पुरता पेसमेकर लागतो. क्वचित बर अडकतो. शंभरात एखाद्याच्या आसपास धमनीला छिद्र पडतं. म्हणून हे काम वर्षातून दोनदा करणाऱ्याकडे करू नये. त्या डॉक्टरांनी अशा किती केसेस केल्या, छिद्र बुजवायला आवरण असलेला स्टेंट कॅथलॅबमध्ये असतो का, हृदयशल्यचिकित्सक हाकेच्या अंतरावर आहे का, हे विचारायला संकोच नको. चांगले डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाहीत.

प्रत्येक कॅल्शियमला बर लागतोच असंही नाही. धमनीत आयव्हीयूएस (अल्ट्रासाउंड) किंवा ओसीटीची (प्रकाशाने चित्र घेणारी) बारीक नळी घालून कॅल्शियम आतून पाहता येतं. कडं अर्ध्या परिघाहून मोठं, अर्ध्या मिलिमीटरहून जाड आणि पाच मिलिमीटरहून लांब असलं तर ते फोडल्याशिवाय स्टेंट उघडत नाही. त्याहून कमी असेल तर उच्च दाबाचा किंवा पाती असलेला फुगा पुरतो. तीव्र कॅल्शियम असलेल्या २,००५ रुग्णांच्या एक्लिप्स चाचणीत, ऑर्बिटल अ‍ॅथेरेक्टॉमी हे रोटासारखंच फिरतं साधन सर्रास वापरून वर्षभरात फायदा दिसला नाही. कडं खोलवर जाड असेल तर लिथोट्रिप्सीचा फुगा हा दुसरा मार्ग : फक्त चार अ‍ॅटमॉस्फिअरला फुगवून आतून ध्वनिलहरींचे ठोके देतात, कॅल्शियमला तडे जातात. हाताळायला सोपा, पण खूप महाग, आणि वाट इतकी अरुंद असेल की फुगाच शिरत नाही तर आधी रोटाचा बर लागतो. आयव्हीयूएस किंवा ओसीटी वापरणार का, हा माझ्या मते खर्चाच्या यादीतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. गुंतागुंतीच्या ब्लॉकेजमध्ये ते वापरावं, अशी ठाम शिफारस २०२४च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांत आहे.

उजव्या धमनीच्या ५० टक्क्यांसाठी एफएफआर मोजायला सांगा. दाब मोजणारी तार अडथळ्याच्या पलीकडे नेऊन तिथला दाब अलीकडच्या दाबाच्या किती हिस्सा आहे ते पाहतात. ०.८०च्या वर आलं तर तिथे हात लावायचा नाही. ०.८० किंवा खाली आलं तर मात्र काकांचा मुद्दा विचारात घ्यावा लागतो : मधुमेह आणि एकाहून अधिक धमन्यांत खराखुरा अडथळा असेल तर बायपास सरस ठरतो. २०१२च्या फ्रीडम चाचणीत १,९०० मधुमेही रुग्णांत बायपासने मृत्यू आणि अटॅक कमी झाले. पक्षाघात मात्र थोडे जास्त झाले. बायपासही काही साफ करत नाही. छातीच्या आतली धमनी एलएडीला अडथळ्याच्या पुढे जोडतात, आणि ती जोडणी दहा वर्षांनंतरही नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांत चालू असते. एफएफआरनंतर दोन धमन्या निघाल्या तर त्याच बैठकीत स्टेंट घालू नका, आधी शल्यचिकित्सकाचं मत घेऊ, असं प्रक्रियेपूर्वीच सांगून ठेवा. बाबा टेबलावर असताना बाहेर येऊन ‘अजून एक टाकू का?’ विचारलं, तर नातेवाईक ‘हो’च म्हणतात.

मेहुण्यांच्या केंद्राचं औषध बहुधा ईडीटीए असावं, म्हणजे चिलेशन. ते रक्तातलं कॅल्शियम बांधून लघवीतून काढतं. धमनीच्या भिंतीत रुतलेलं कॅल्शियम त्याने निघत नाही. २०१३च्या टॅक्ट चाचणीत, विशेषतः मधुमेह्यांत, थोडा फायदा दिसला होता; जाहिराती अजून त्यावरच चालतात. मग नेमक्या मधुमेही, आधी अटॅक येऊन गेलेल्या रुग्णांवर पुन्हा चाचणी झाली, टॅक्ट-२, आणि २०२४मध्ये निकाल आला : फायदा नाही. औषध चुकीचं किंवा भराभर दिलं तर रक्तातलं कॅल्शियम घसरून मृत्यूही झाले आहेत, आणि क्रिएटिनिन १.४ असताना हा खेळ नकोच. ‘नैसर्गिक बायपास’ म्हणून सांगितली जाणारी ईईसीपी त्यामानाने प्रामाणिक गोष्ट आहे. पायांना पट्टे बांधून एकेका तासाच्या ३५ बैठका होतात, त्रास काहींचा कमी होतो, पण ब्लॉकेज जात नाही. स्टेंट-बायपास शक्य नसलेल्यांसाठी ती ठीक. आलं-लसूण-लिंबू-व्हिनेगर-मधाचा काढा व्हॉट्सअ‍ॅपवर येतच राहील. आमटीत लसूण घाला; मधाचा काढा मधुमेह्याला कशाला?

शेजारच्या काकूंचं मात्र खरं आहे. मानेतल्या कॅरोटिड धमनीतून प्लाक सोलून काढतात, त्याला एंडआर्टरेक्टॉमी म्हणतात. ती धमनी त्वचेजवळ, जाड आणि स्थिर असते, प्लाक तिला फाटा फुटतो तिथे एकाच ठिकाणी काही सेंटिमीटरांत असतो, आणि काही वेळ चिमटा लावून रक्त थांबवता येतं. हृदयाच्या धमन्या तीन मिलिमीटरच्या, धडधडत्या, आणि आजार लांबवर पसरलेला. हृदयातही बायपासच्या वेळी कधी प्लाक असा ओढून काढावा लागतो, पण तो नाइलाज म्हणून. मानेच्या बाबतीत वेळ फार मोलाची असते : हात लुळा पडून किंवा बोबडी वळून काही मिनिटांत बरं झालं आणि तपासणीत ७० टक्क्यांहून अधिक अडथळा निघाला, तर शस्त्रक्रियेचा सर्वाधिक फायदा पहिल्या दोन आठवड्यांत होतो.

पैशांचं आणि कागदांचं. अँजिओग्राफीची सीडी मागून घ्या. नोंदी मागितल्यापासून ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. दुसरं मत सीडी पाहून घ्यायचं, नुसता रिपोर्ट वाचून नाही. औषधी स्टेंटची कमाल किंमत फेब्रुवारी २०१७मध्ये २९,६०० रुपये ठरली, २०२५मध्ये ती ३८ हजारांच्या घरात होती, जीएसटी वेगळा. पण ही मर्यादा स्टेंटची. बर, तार, फुगे, आयव्हीयूएसची नळी यांचे आकडे वेगळे लावले जातात, आणि रोटाच्या बिलात तेच मोठे असतात. अंदाजपत्रक वस्तुनिहाय आणि लेखी मागा. बर आणि फुगे नवे, सीलबंद असतील ना हे विचारा, आणि वापरलेल्या प्रत्येक वस्तूचं स्टिकर केसपेपरवर लावून घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा की पॅकेजमध्ये स्टेंटबरोबर रोटाचं साहित्य धरलंय का. सत्तर पूर्ण झाल्यावर बाबांना आयुष्मान वय वंदना कार्ड उत्पन्नाची अट न लावता मिळेल.

प्रक्रिया ठरलीच तर मूत्रपिंडांकडे लक्ष द्या. १.४ क्रिएटिनिन म्हणजे या वयाला ईजीएफआर (मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता) साधारण ५४. रंगद्रव्याचे मिलिलिटर त्या आकड्याच्या तिपटीच्या आत, म्हणजे १६०च्या आत ठेवा, असं डॉक्टरांशी आधीच बोला. आदल्या-नंतरच्या दिवशी पुरेसं पाणी किंवा सलाइन, मेटफॉर्मिन घेत असतील तर ती केव्हा थांबवायची ते विचारून घ्या, आणि ४८ तासांनी क्रिएटिनिन पुन्हा. स्टेंटनंतर अ‍ॅस्पिरिनबरोबर क्लोपिडोग्रेल ७५ स्थिर रुग्णाला साधारण सहा महिने. दात काढायचाय, नातवाच्या मुंजीला गावाला गेलो, गोळ्या संपल्या, यातलं कुठलंही कारण ती बंद करायला पुरेसं नाही. पहिल्या महिन्यात तर एक दिवसही नाही. पित्तासाठी गोळी लागली तर ओमेप्राझोलऐवजी पँटोप्राझोल मागा, कारण ओमेप्राझोल क्लोपिडोग्रेलचं काम कमी करतं. एलडीएल गोळी वाढवल्यापासून सहा आठवड्यांनी तपासा.

तंबाखू-चुन्याला तुम्ही ‘फक्त’ म्हटलंय. धूर नसला तरी निकोटिन रक्तदाब आणि नाडी वाढवतं, म्हणजे ज्या ठोक्यांना आवर घालायला मेटोप्रोलॉल देतोय तेच ते पळवतं. आणि न ओढलेल्या तंबाखूनेही अटॅकने मरण्याचा धोका वाढतो. ‘स्टेंट झाल्यावर सोडीन’ असं बाबा म्हणतील. आजची तारीख ठरवा. १८००-११-२३५६ हा तंबाखूमुक्तीचा मोफत राष्ट्रीय क्रमांक आहे, आणि निकोटिनचं च्युइंगगम चालेल का हे त्यांच्याच डॉक्टरांना विचारा.

राहिले तुम्ही भावंडं. वडिलांना आजार ६९व्या वर्षी कळला, त्यामुळे घाबरून सीटी अँजिओग्राफी करत सुटू नका. चाळिशीच्या आसपास असाल तर उपाशीपोटी साखर, एचबीए१सी, लिपिड प्रोफाइल, आयुष्यात एकदा लिपोप्रोटीन-ए (रक्तातला आनुवंशिक चरबीचा घटक), आणि घरच्या यंत्रावर आठवडाभर मोजलेला रक्तदाब, एवढं या महिन्यात करून घ्या.